आजोबांचा दाखला आणि नववीचं वर्ष

‘पोराला पुढं कशात घालावं?’ नववीच्या पालकांशी बोलायला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. अशा पालकांशी बोलता बोलता माझं एक मत पक्कं होत गेलं. या प्रश्नाचं उत्तर नववीत देऊ नये, पण उत्तरासाठी जे जे लागणार ते जमवायला मात्र नववीतच लागावं. चौदा वर्षांच्या मुलावर डॉक्टर किंवा इंजिनिअर असा शिक्का मारणं उतावळेपणाचं आहेच. ‘दहावीचा निकाल लागू द्या, मग बघू’ हे त्याहून महागात पडतं. २०२५पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. म्हणजे आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-जामखेडच्या मुलालाही आता कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो, आणि तोही निकालानंतरच्या मोजक्या दिवसांत. ओळखीच्या सरांना सांगून नाव घालायची सोय, बरी म्हणा की वाईट, संपली.

जमवायचं म्हणजे आधी कागद. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्याला पुरावा जुना लागतो. इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७च्या, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आणि अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा. म्हणून अकोले तालुक्यातल्या महादेव कोळी मुलाला किंवा पाथर्डीतल्या वंजारी मुलीला आजोबा-पणजोबांचा शाळेतला निर्गम उतारा शोधत फिरावं लागतं. आजोबांनी शाळेची पायरीच चढली नसेल, तर चुलत आजोबांचा दाखला, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुने महसुली कागद. उताऱ्यावर नाव धोंडीबा, सातबाऱ्यावर धोंडू. एका कागदावर आडनाव आहे, दुसऱ्यावर नाही. हे सगळं एकाच माणसाचं आणि तो माणूस आपलाच पूर्वज, हे वंशावळीसह जात पडताळणी समितीपुढं जुळवून दाखवायचं असतं. बारावीच्या सीईटीचा अभ्यास चालू असताना हे जमत नाही. मुलाच्या स्वतःच्या नावाचंही तेच. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नावाची किंवा जन्मतारखेची चूक मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घेता येते; शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की वाट लांबची. करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तकांत हा भाग नसतो. ती बहुधा शहरात लिहिली जातात.

मग वाटा. गावाजवळच्या कॉलेजात फक्त आर्ट्स आहे म्हणून मुलगी आर्ट्सला जाते आणि बारावीनंतर नर्सिंग म्हणते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, तिला खुली असते. बीएस्सी नर्सिंग नसतं, कारण त्याला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. राहुरीचं कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहे, पण बीएस्सी ॲग्रीला बारावी सायन्स हवं आणि कृषी पदविकेला दहावी चालते, हा फरक शेतकऱ्याच्याच घरात माहीत नसतो. दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. लोणी, संगमनेर, कोपरगाव इथली कॉलेजं त्याला आहेतच. या बहुतेक वाटांवर गणित-विज्ञान आडवं येतं. नववीचं बीजगणित कच्चं राहिलं तर दहावीत ते पाठांतरानं झाकता येतं, अकरावीत उघडं पडतं.

यावर एक आक्षेप मला शिक्षकांकडूनच ऐकायला मिळतो: गरिबाच्या पोराला आयटीआय आणि पॉलिटेक्निक दाखवणं म्हणजे त्याचे पंख छाटणं. आक्षेपात तथ्य आहे. बागायतदाराच्या मुलाला नीट आणि ऊसतोड कामगाराच्या मुलाला फिटर, अशी वाटणी न बोलता होत असते. पण माहिती दडवून ती थांबत नाही. दोघांनाही सगळ्या वाटा सांगाव्यात, कोणत्या वाटेवरून पुढं कुठं वळता येतं तेही सांगावं, आणि निवड त्यांच्यावर सोडावी. क्लासवाले उलट टोकाला असतात; नववीतच ‘फाउंडेशन’ लावा, नाहीतर उशीर होईल, म्हणतात. कर्ज काढून फाउंडेशनची फी भरू पाहणाऱ्या पालकाला मी सरळ ‘नका भरू’ म्हणतो. शाळेचं पुस्तक नीट समजावून घेणं हाच या वयातला पाया आहे. आणि कल चाचणी? राज्यानं २०१६ साली ती दहावीला सुरू केली होती. कल कळलेला बरा, पण कल कळला म्हणून एसटीचं भाडं आणि होस्टेलची खानावळ सुटत नाही.

तेव्हा पैशाचं बोलणं टाळू नये. आठवीत एनएमएमएस शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं की हक्काचे पैसे अडकतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क सरकार २०२४-२५पासून पूर्ण भरतं. अट अशी की प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. ही एक गोष्ट नववीत कळली तर ‘पोरीच्या शिक्षणाला पैसा कुठून आणू’ या वाक्यातली निम्मी हवा जाते. उरलेली निम्मी तशीच राहते: लांब कशी पाठवू, आम्ही ऊसतोडीला कारखान्यावर गेल्यावर मागं कुणाच्या भरवशावर ठेवू. ही भीती खोटी नाही, आणि तिला योजनेचं परिपत्रक उत्तर देत नाही. चांगलं वसतिगृह देतं. म्हणून वसतिगृहाची चौकशी नववीतच सुरू झाली पाहिजे.

शाळांना एवढीच विनंती आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागांत नववीची पालकसभा दिवाळीनंतर ठेवू नका. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की आईबाप मार्च-एप्रिलपर्यंत भेटत नाहीत. सभा ऑगस्टात घ्या, दिवसाची मजुरी बुडणार नाही अशी संध्याकाळी घ्या, आणि निरोपात लिहा: येताना घरातले जुने कागद, असतील तेवढे, बरोबर आणा.