पाण्याची वाट

घरात पाणी शिरले की मनुष्य प्रथम भिंतीला दोष देतो, नंतर शेजाऱ्याला. आपल्या स्वतःच्या परड्याकडे त्याची दृष्टी सर्वांत शेवटी वळते. हा धडा मी माझ्याच घरी शिकलो आणि त्यासाठी मला चार वर्षे लागली.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत आहे. घर उतारावर बांधलेले असल्यामुळे त्याची मागची खोली अर्धी जमिनीखाली गेलेली आहे. तिला आम्ही तळघर म्हणतो. वर्षाच्या बेगमीचे भात त्याच खोलीतील कणगीत असते. वडिलांच्या हयातीत त्या खोलीत पाण्याचा थेंबही कधी दिसला नव्हता.

ऑगस्ट २०१९ मध्ये, बेळगाव जिल्ह्यात महापूर आला त्या दिवसांत, तळघराच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले. शेजारी राहणाऱ्या चुलत बंधूंनी त्याच उन्हाळ्यात हद्दीवर दगडी भिंत घातली होती. तिनेच पाणी अडवून माझ्या घरात लोटले, असे मी ठरवून टाकले आणि त्यांच्याशी बोलणे सोडले. देवळात आम्ही दोघे दोन टोकांना बसू लागलो. एकाच आजोबांच्या आत्म्यासाठी होणाऱ्या मिस्सालाही आम्ही वेगवेगळ्या वाटेने जात असू.

पुढे दोनदा मी आतून सिमेंटचा गिलावा केला. दोन्ही वेळा त्याला लोणा लागून तो पापुद्र्यांसारखा सुटला. २०२१ च्या पावसाळ्यात कणगीतील भाताला मोड आले. ते गुरांपुढे टाकताना पत्नी काहीच बोलली नाही. तिचे ते मौन मला फार लागले.

अखेर एका वृद्ध गवंड्याला बोलावले. त्याने प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनी भिंतीला घट्ट चिकटवून दोन दिवस तसाच ठेवला. तुकडा काढला, तो भिंतीकडील बाजू ओली निघाली. हवेतील दमटपणा असता, तर थेंब खोलीकडील बाजूस धरले असते. तो म्हणाला, “मालक, पाणी बाहेरून येते आणि तुम्ही औषध आतून लावता. पाऊस जोरात असेल तेव्हा छत्री घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा.”

ती फेरी मी मारली. फुटक्या पन्हळीतून छपराचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी कोसळत होते. हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसभरात चार इंच पाऊस झाला, तर नऊ हजार लिटरांहून अधिक पाणी उतरते! भिंतीलगतची माती खचून तिचा उतार घराकडेच झाला होता. आणि डोंगराकडून येणारे पाणी मागच्या परड्यात तळ्यासारखे साचले होते. जांभ्या दगडाची सच्छिद्र भिंत बिचारी किती काळ तग धरणार?

जेथे पाणी साचले होते, तेथे पूर्वी एक चर होता. आजोबांनी खणलेला तो चर दोन्ही घरांच्या मागून ओहोळापर्यंत जात असे आणि वडील तो दर मे महिन्यात साफ करीत. २०१८ साली मुलीच्या लग्नाचा मांडव घालण्यासाठी माझ्या परड्यातील चर मीच बुजवला होता. त्या वर्षी पाणी बंधूंच्या परड्यात शिरले. म्हणूनच त्यांनी पुढच्या उन्हाळ्यात भिंत घातली! मी ज्याला अपराध समजत होतो, तो माझ्याच अपराधाचा परिणाम होता.

वेदीपाशी अर्पण आणण्यापूर्वी बंधूशी समेट करावा, ही प्रभूची शिकवण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पुढच्या रविवारी मिस्सापूर्वीच मी त्यांच्या दारात गेलो. म्हणालो, “दादा, चर मीच बुजवला. दोष तुमच्या भिंतीचा नाही.”

ते क्षणभर थांबून म्हणाले, “ते मला पहिल्याच पावसात कळले होते. तुझ्या तोंडून ऐकायचे तेवढे राहिले होते.”

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही मिळून काम काढले. पन्हळ बदलली आणि तिचे पाणी नळाने भिंतीपासून सहा फूट दूर नेले. भिंतीलगत चिकट माती ठोकून पहिल्या दहा फुटांत सहा इंचांचा उतार बाहेरच्या अंगाला दिला. जुना चर पुन्हा उकरला. तो पायाला लागून नव्हे, तर घराच्या वरच्या अंगाला, अंतर राखून आहे. पायालगत खोल खणल्यास भिंतच धोक्यात येते, असे गवंड्याने बजावले होते. हद्दीवरील भिंतीत बंधूंनी स्वतः चराला वाट करून दिली, आणि पाणी कोणाच्याही परड्यात न शिरता पूर्वीसारखे ओहोळाला मिळू लागले. गिलावा सर्वांत शेवटी, भिंत पुरती वाळल्यावर केला.

तेव्हापासून तळघर कोरडे आहे. मृग लागण्यापूर्वी आम्ही दोघे कुदळ घेऊन चर साफ करतो. आता मुलेही हाताशी येतात. वाचकहो, आपल्या घरी ओल आली असेल, तर गवंड्याच्या आधी छत्री शोधा. आणि पाण्याला वाट देताना ती शेजाऱ्याच्या दारातून तर जात नाही ना, एवढे अवश्य पाहा.