दोन याद्या आणि निसटलेली बाळं

पत्त्यांच्या कॅटमधून एक पान ओढलं, तर ते बदामाचं किंवा राजा असण्याची शक्यता किती? बदामाची पानं 13, राजे 4. पण बदामाचा राजा दोन्हींकडे मोजला गेला, म्हणून एक वजा. 52 पैकी 16. शाळेत शिकवतात ते एवढंच, आणि बहुतेकांचा या सूत्राशी संबंध तिथेच संपतो. माझं पोट मात्र त्या वजा केलेल्या राजावर चालतं. मी लोकसंख्याशास्त्रात काम करते. आमच्यापुढचा प्रश्न असतो: या भागात गेल्या वर्षी बाळं नेमकी जन्मली किती?

हाताशी दोन याद्या. एक जन्माच्या सरकारी नोंदवहीतली, दुसरी घरोघर फिरून केलेल्या पाहणीतली. दोन्ही अपुऱ्या. समजा, खरे जन्म 100. नोंदवहीत त्यातले 90 येतात, पाहणीत 80. एकीचा दुसरीवर काही परिणाम नसेल, तर 72 बाळं दोन्हींत सापडतील. निदान एका यादीत असण्याची संभाव्यता 0.9 अधिक 0.8 वजा 0.72, म्हणजे 0.98. दोन बाळं निसटली.

पण खरा आकडा 100 आहे हे कोणी सांगितलेलं असतं का? हाती येतं ते एवढंच: दोन्हींत 72, फक्त नोंदवहीत 18, फक्त पाहणीत 8. आता 18 गुणिले 8 भागिले 72. उत्तर 2. कुठल्याच यादीत नसलेली बाळं, आणि त्यांचा हिशेब लागतो! दोनदा मोजलं गेलं म्हणून वजा करायची ती संख्याच इथे कामाला येते. ही रीत सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी 1949 साली मांडली, तीही बंगालमधल्या सिंगूर इथल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदींवर. (जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे डेमिंग ते हेच.)

सूत्र सोपं आहे. जीव खाते ती जुळणी. नोंदवहीत आईचं नाव सुनंदा, पाहणीत वैशाली. पहिलं माहेरचं, दुसरं लग्नानंतर बदललेलं. बारशाआधी नोंद झालेली, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. तारीख विचारावी तर सासूबाई सांगतात, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी." मग पंचांग काढायचं, पतीचं नाव ताडायचं, घर क्रमांक बघायचा, आणि ठरवायचं की हे एकच बाळ की दोन. अशा सहा जुळण्या हुकल्या तर? दोन्हींतली 66 उरतात, फक्त नोंदवहीतली 24 होतात, फक्त पाहणीतली 14. निसटलेली दोनाची पाच होतात आणि एकूण जन्म 109 वर जातात. नऊ बाळं हवेतून आली. म्हणून जुळणीचं काम नवख्या मुलांवर सोपवून साहेबांनी फक्त सूत्र चालवायचं, ही पद्धत मला अजिबात पसंत नाही.

दुसरा घोळ याच्या उलट दिशेचा आहे आणि तो जास्त खोल. दोन याद्या एकमेकींपासून खरंच अलिप्त असतात का? जन्मून काही तासांतच गेलेलं बाळ नोंदवहीत येत नाही, आणि पाहणीला आलेल्या परक्या माणसाला घरातलं कोणी ते सांगतही नाही. उसाच्या फडावर जन्मलेल्या मुलाची नोंद राहून जाते, आणि पाहणीच्या दिवशी त्या कुटुंबाच्या दाराला कुलूप असतं. एकीकडून सुटलेलं दुसरीकडूनही सुटतं. मग गुणाकार तोकडा पडतो, निसटलेली दोनापेक्षा बरीच जास्त असतात आणि सूत्र ते कळू देत नाही. यावर चंद्रशेखरन आणि डेमिंग यांचाच उपाय आहे: लोकसंख्येचे एकसारखे गट पाडा, प्रत्येक गटाचा अंदाज वेगळा काढा, मग बेरीज करा. दोष कमी होतो, जात नाही.

आपल्या देशाची नमुना नोंदणी पद्धत 1969-70 पासून देशभर चालते, तीही दोन याद्यांवरच. स्थानिक प्रगणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो. पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरं फिरतो. पण जुळत नसलेल्या नोंदी तिथे सूत्राच्या हवाली करत नाहीत. त्या घरी पुन्हा जाऊन खातरजमा करतात आणि मगच नोंद ठेवायची की खोडायची ते ठरतं.