आधी रस्ता, मग बाइक

‘या रविवारी औंधला चाललेय’ असं ऑफिसात म्हटलं की पुण्यात ठरलेला प्रश्न येतो, ‘ब्रेमेन चौकात? मग मलाही सोड ना!’ नाही हो, ते औंध नाही. हे सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध. यमाईचं, पंतप्रतिनिधींचं. पुण्यापासून दीडशे-एकशे साठ किलोमीटरवरचं. आणि गेल्या हिवाळ्यात माझ्यासाठी बाइक निवडून देणारं!

सांगते. कॉलेजात असताना मी बाबांची सीडी १०० चालवायचे. मग नोकरी, लग्न, मूल, कंपनीची कॅब आणि भाजी-दुधासाठी ॲक्टिव्हा. बाइकला हात न लावता सोळा वर्षं गेली. अडतिसाव्या वर्षी ‘मला बाइक घ्यायचीय’ म्हटल्यावर आई म्हणाली, ‘अगं, ॲक्टिव्हा आहे ना धडधाकट!’ नवरा म्हणाला, ‘घे की.’ शोरूममधला मुलगा मात्र सगळं काही नवऱ्यालाच समजावून सांगत होता. मायलेज त्याला, फायनान्स त्याला. मला फक्त रंग विचारला.

शोरूमची टेस्ट राइड म्हणजे दोन सिग्नल आणि एक यू-टर्न. तेवढ्यात गाडी आवडते, कळत नाही. म्हणून मी ठरवलं, आधी रस्ता निवडायचा आणि मित्रमंडळींच्या गाड्या मागून घेऊन त्याच रस्त्यावर चालवून बघायच्या. औंधचा रस्ता यासाठी एकदम फिट आहे. साताऱ्यापर्यंत हायवे आणि मध्ये खंबाटकी. पुढे कोरेगाव, रहिमतपूरमार्गे पंचेचाळीसेक किलोमीटरचा साधा रस्ता, त्यात गावोगावचे स्पीडब्रेकर आणि सीझनमध्ये उसाच्या डबल ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. शेवटी मूळपीठाच्या टेकडीचा चढ आणि वळणं. तुम्हाला रोज जे लागणार ते सगळं एका दिवसात!

जायच्या आधी एका मैदानावर दोन सकाळी फक्त गियर टाकले. कारण ऐका. सीडी १०० चे चारही गियर पुढे दाबून पडायचे. आताच्या बहुतेक गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. डोक्याला हे पाच मिनिटांत समजतं, पण पाय सोळा वर्षांपूर्वीचाच असतो. गियर वाढवायला म्हणून पाय दाबतो आणि गाडी उलट खालच्या गियरमध्ये जाते. हे मैदानावर होऊ द्यावं, खंबाटकीत नको. बाकी बदल मात्र सगळे आपल्या बाजूचे आहेत. २०२० च्या बीएस सिक्सनंतर नव्या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं, त्यामुळे थंडीत चोक ओढून किका मारणं गेलं. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. खडीवर घाबरून ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. परत सुरुवात करणाऱ्यासाठी यापेक्षा मोठं फीचर नाही, ब्लूटूथचं काय घेऊन बसलात!

पहिली खेप मैत्रिणीच्या क्लासिक ३५० वर. हायवेवर ती काय मस्त चालते! ना घाई, ना थरथर. पण गाडीचं वजन १९५ किलो आणि माझी उंची पाच फूट दोन इंच. रहिमतपूरच्या बाजारात समोरून उसाची ट्रॉली आली आणि उतारावर गाडी दोन हात मागे घ्यायची वेळ आली, तेव्हा दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकत होते. घेतली मागे, घामाघूम होऊन. चहाच्या टपरीवरचे आजोबा म्हणाले, ‘ताई, गाडी मोठी हाय की ओ!’ हो आजोबा, दिसतंय.

औंधला पोचलात की घाईने परत फिरू नका. गावातल्या मंदिरापुढची उंच दीपमाळ बघा, मग टेकडी चढा. अर्ध्या चढावर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं. राजा रविवर्म्याची ‘सैरंध्री’ इथे आहे. कीचकाकडे जायला भाग पाडलेली द्रौपदी, आणि तिचा तो अंग चोरलेला संकोच. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. थोड्या अंतरावर चक्क हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’! खटाव तालुक्यातल्या टेकडीवर हेन्री मूर, यावर दोन मिनिटं विश्वास बसत नाही.

हा सगळा संग्रह भवानराव पंतप्रतिनिधी यांचा. माणूस भलताच इंटरेस्टिंग! स्वतः चित्रकार, आणि सूर्यनमस्कारांचा इतका जबरदस्त पुरस्कर्ता की त्यावर पुस्तक लिहून इंग्लंडपर्यंत प्रचार. सत्तरीत पोचल्यावर या राजाने आणखी एक अवघड गोष्ट केली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरची मदत घेऊन १९३९ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैदी वसाहत सुरू झाली, जिच्यावरून पुढे ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा आला. आटपाडी आता सांगली जिल्ह्यात. आणि चाकांचाच विषय आहे म्हणून, बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कुंडलच्या माळावर जागा मिळाली ती औंधच्याच राजाकडून. तिथे उभी राहिली किर्लोस्करवाडी.

संग्रहालयातून निघताना खरी परीक्षा. चढावर थांबायचं, मागचा ब्रेक धरायचा, हाफ क्लचवर गाडी उचलायची. क्लासिकवर जमलं, पण आधी मनातल्या मनात तीनदा रंगीत तालीम करावी लागली. दर वेळी अशी तालीम करायला लागणारी गाडी मी रोज बाहेर काढणार नाही, हे मला तिथेच कळलं. वर यमाईच्या पाया पडले. परतीच्या वाटेवर डावा पंजा क्लचने असा भरून आला होता की साताऱ्यात चहाचा कप उजव्या हाताने धरला.

तीन आठवड्यांनी तोच रस्ता, पण ऑफिसातल्या एकाच्या युनिकॉर्नवर. सुमारे १४० किलो, १६० सीसीच्या वर्गातली, दिसायला अगदी बँकेत नोकरी करणारी गाडी. कुणी वळून बघत नाही. सीटची उंची ७९८ मिलिमीटर, म्हणजे क्लासिकच्या ८०५ पेक्षा जेमतेम कमी. पण सीट पुढे अरुंद असल्यामुळे पाय सरळ खाली जातात आणि माझं जवळजवळ अख्खं पाऊल टेकलं. कागदावरची उंची बघून गाडी ठरवू नका. रोजचे बूट घालून बसा, आणि बसल्या बसल्या गाडी दहा पावलं मागे ढकलून बघा. हायवेवर ट्रकला ओव्हरटेक करताना क्लासिकसारखा जोर नाही, जरा वाट बघावी लागते. पण टेकडीवर थांबून निघाले आणि निघून गेल्यावर लक्षात आलं की तालीम केलीच नाही.

एक कोरडं पण महत्त्वाचं. लायसन्स काढून तारीख बघा! माझं कॉलेजातलं, वीस वर्षांचं, संपायला चार महिने राहिले होते. संपून वर्ष उलटलं की पुन्हा ट्रॅकवर टेस्ट द्यावी लागते. आणि हेल्मेट नवंच घ्या, माळ्यावरचं नको.

युनिकॉर्न बुक केलीय. या खेपेला शोरूमला एकटीच गेले, त्यामुळे मायलेज मलाच सांगावं लागलं त्या मुलाला! दसरा-दिवाळीच्या मध्ये औंधला संगीत महोत्सव असतो, अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला. तेव्हा जायचं नक्की आहे. नवरा मागे बसून यायला तयार आहे, फक्त त्याच्या गुडघ्यांचं काय करायचं यावर घरात चर्चा चालू आहे.