पाच माइक, एक ट्रॅक

कर्वेनगरात कॅनॉल रोडपासून थोडं आत, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझी कामाची खोली आहे. जाहिरातींचे आवाज, बोलकी पुस्तकं, शाळांची संमेलनगीतं असं काम वर्षभर चालू असतं. पण गेल्या वर्षी आषाढीच्या आधी जवळच्याच एका महिला भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण केलं, ते मनात वेगळं राहिलं. आवाज एकत्र करणं म्हणजे काय, याचा विचार त्या कामाने मला नव्याने करायला लावला.

मंडळ नऊजणींचं. पेटीवर बसून सांगणाऱ्या ताई आणि मागे ओळ झेलणाऱ्या आठजणी. त्या आठांत एक आजी होत्या, मुळशीकडच्या. मंडळ गातं त्यातल्या निम्म्या चाली त्यांच्या. सासूकडून त्यांनी उचललेल्या, कुठे लिहिलेल्या नाहीत. मुळशीच्या त्या पट्ट्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या; पुढे महाराष्ट्रभर ते काम पसरलं आणि ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. ओव्यांना असे जपणारे भेटले. भजनाच्या घरगुती चाली मात्र बऱ्याचशा गाणाऱ्यांबरोबरच जातात. ताईंना तेच नको होतं. “दादा, आम्हाला काही सीडी काढून विकायची नाही,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “आजींची चाल आहे तशी राहिली पाहिजे. उद्या आमच्या सुनांनी ऐकून म्हटली पाहिजे.”

माझ्या खोलीत नऊजणी आणि पखवाज मावत नव्हते, म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक घातली. सतरंज्या दुहेरी अंथरल्या, खिडक्यांना जाड पडदे लावले, पंखे बंद केले. ताईंसाठी दोन माइक होते. एक कंडेन्सर, तोंडापासून दोन फुटांवर, आवाजाचा मोकळेपणा घेण्यासाठी. दुसरा साधा डायनॅमिक, चार बोटांवर. कारण पेटी वाजवताना त्या मागच्या बायकांकडे मान वळवून खूण करतात आणि दूरचा माइक तेवढ्यात त्यांना हरवतो. मागच्या आठजणींना मिळून तीन माइक. गळ्यांचे असे पाच झाले. पेटी आणि पखवाजाचे दोन वेगळे. सगळ्यांनी एकदम, एकत्रच गायचं, हे आधीच ठरलेलं. भजन तुकड्यातुकड्यांत गाता येत नाही. झेलणाऱ्याला सांगणारा दिसावा लागतो.

प्रत्येक अभंग त्यांनी दोन-तीनदा म्हटला. कुठे पहिल्या वेळचं धृपद चांगलं, कुठे शेवटचं चरण. मधूनच कुणाला खोकला आला, बाहेर पाण्याच्या टँकरने मागे येताना हॉर्न लावला. संकलन करणं भागच होतं, आणि खरं काम तिथूनच सुरू झालं.

एका गळ्याचा एकच ट्रॅक असला तर दोन टेक जोडणं सोपं असतं. श्वासाच्या जागी कापायचं, दोन्ही टोकं एकमेकांत विरवायची, झालं. इथे तोच जोड पाच ठिकाणी द्यायचा होता. त्यात टाळ होते. आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. म्हणजे टाळ एका माइकपासून हातभर आणि दुसऱ्यापासून तीन मीटर असला, तर तोच ठोका दुसरीकडे सात-आठ सहस्रांश सेकंद उशिरा उमटतो. पडद्यावर पाचही ट्रॅक मोठे करून पाहिले की एकाच ठोक्याच्या पाच उभ्या रेघा पायऱ्यांसारख्या सरकलेल्या दिसतात. एका ट्रॅकवर कापायला मोकळी वाटणारी जागा दुसऱ्यावर नेमकी ठोक्याच्या पोटात असते.

सगळे ट्रॅक गटात बांधून एकत्र कापता येतात, हल्लीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. पाचही चॅनेल एकाच फाइलमध्ये, न मिसळता, शेजारी शेजारी ठेवता येतात; त्यात तर कापाकापीला एकच फाइल लागते आणि नंतर सगळे पुन्हा सुटे होतात. दोन्ही मार्ग चांगले आहेत. तरी या कामासाठी मी गळ्यांचे पाच माइक मिसळून एकच ट्रॅक करायचा असं ठरवलं. कारण कापायच्या जागा कानाने शोधायच्या असतात. ताई आणि मागच्या बायका यांच्यातलं नातं ठरलेलं नसेल, तर कुठला जोड बरा हे कान कशावरून ठरवणार? शिवाय खरखर काढणारी किंवा सूर दुरुस्त करणारी साधनं पाच ट्रॅकवर वेगवेगळी चालवली, तर प्रत्येक ट्रॅक आपापल्या तऱ्हेने बदलतो आणि एकाच गळ्याच्या सावल्या एकमेकींवर पडू लागतात. सूर दुरुस्तीचं साधन इथे मी वापरणारच नव्हतो. आजींची श्रुती यंत्राने सरळ करणं मला चुकीचं वाटतं.

असं आधी मिसळून मग कापणं चित्रपटवाले वर्षानुवर्षं करत आले आहेत. प्रत्यक्ष चित्रीकरणाचा आवाज घेताना वरच्या बूमचा माइक असतो, प्रत्येक नटाच्या कपड्यात एकेक छोटा माइक असतो. ध्वनिमुद्रक हे सगळं वेगवेगळं साठवतो, पण त्याबरोबर तिथल्या तिथे बांधलेला एक मिश्र ट्रॅकही देतो. संकलक त्या एका ट्रॅकवर प्रसंग कापतो, सुटे ट्रॅक नंतर कामाला येतात. आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ 2001 मध्ये आला तेव्हा त्याच्या सिंक साउंडची खूप चर्चा झाली. तेव्हापासून आपल्याकडे ही पद्धत चांगलीच रुळली. गाण्यांच्या जगात तर एकत्र करणं ही गरजच होती. बीटल्सनी 1967 चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला. चारही भरले की ते दुसऱ्या यंत्रावर एक-दोन ट्रॅकमध्ये उतरवायचे आणि पुढच्या वाद्यांना जागा करायची. उतरवलेलं पुन्हा सुटं होत नसे, म्हणून उतरवतानाच निर्णय पक्का असावा लागे. त्याही आधी, 1925 च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण येईपर्यंत, एकाच भोंग्यासमोर गायक पुढे, साथीदार मागे असं उभं राहून तोल साधायचा. सगळा मिक्स पावलांनी.

माझ्याकडे सुटे ट्रॅक कायम राहणार होते. तरी निर्णय आधी घ्यायचा ही त्या लोकांची शिस्त मला हवी होती.

सुरुवात ताईंच्या दोन माइकपासून केली. पहिला अभंग भूप अंगाचा होता. दोन्ही माइक सारख्या पातळीवर ठेवून ऐकलं, तर चाल धैवतावर गेली की आवाज पोकळ व्हायचा. गंधारावर, पंचमावर भरलेला; धैवतावर जणू कुणी पाठीमागून काढून घेतलेला. हिशेब केला तेव्हा कारण समोर आलं. दोन माइकमधलं अंतर साधारण अर्धा मीटर, म्हणजे दूरच्या माइकवर आवाज जवळजवळ दीड सहस्रांश सेकंद उशिरा. एवढ्या उशिराने तोच आवाज स्वतःत मिसळला की 345 हर्ट्‌झच्या आसपासची कंपनं एकमेकांना खोडतात, आणि मग त्याच्या तिप्पट, पाचपट जागीही तसंच होतं. ताईंची पट्टी काळी चार. तिचा शुद्ध धैवत 346 ते 349 हर्ट्‌झवर येतो. मूळ स्वरही खड्ड्यात आणि त्याचा तिसरा स्वरांशही खड्ड्यात.

उपाय साधा आहे, पण हाताने आणि कानाने करायचा. जवळच्या माइकचा ट्रॅक सुमारे सत्तर नमुने मागे सरकवला (48 किलोहर्ट्‌झला एक नमुना म्हणजे अंतराच्या भाषेत सात मिलिमीटर). मग शब्दारंभीच्या ‘प’वर दोन्ही लहरी मोठ्या करून पाहिल्या. दोघींचा चढ एकाच दिशेला, एकाच क्षणी. मग एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करून ऐकलं: आवाज पातळ झाला, जवळपास नाहीसा झाला. हीच परीक्षा. उलट केल्यावर जितकं जास्त खोडलं जाईल, तितकं सुलट असताना चांगलं जुळलेलं. परत सुलट केलं आणि धैवत उभा राहिला, छातीतून आलेला. मान वळल्याने अंतर थोडंफार बदलतच होतं, म्हणून दूरचा माइक मुख्य ठेवला आणि जवळचा त्याच्याखाली, फक्त शब्द स्पष्ट होतील इतका.

मागच्या तीन माइकना मात्र असं सरकवता येत नाही. त्यांच्यात एकच गळा नसतो. आजींसाठी जुळवलं तर पलीकडच्या दोघींचं बिघडतं, टाळासाठी जुळवलं तर सगळ्यांचंच. तिथे अंतरच उपयोगी पडतं. गळ्यापासून माइक जितका लांब, त्याच्या निदान तिप्पट लांब दुसरा माइक, हा जुना नियम मांडणीच्या वेळीच पाळला होता, त्यामुळे लीकेज होतं पण त्रासदायक नव्हतं. उरलेलं काम फेडरने केलं. ताई एकट्या सांगतात तेव्हा मागचे माइक उतरवायचे, बायका झेलतात तेव्हा चढवायचे. कंटाळवाणं वाटेल, पण याला पर्याय नाही. एका माइकऐवजी पाच सारखेच उघडे ठेवले तर हॉलची घरघर सात डेसिबलने वाढते, आणि एकदा मिसळलेली घरघर वेगळी काढणं महाकठीण. म्हणून खोकला, बांगड्यांची किणकिण, माइकच्या दांड्याला लागलेला पाय, हे सगळं त्या त्या सुट्या ट्रॅकवरच आधी निपटलं. खालचा गडगडाट 90 हर्ट्‌झपासून कापला.

घुमारा मात्र मिसळण्याआधी घातला नाही. देवळाचा घुमारा सगळ्यांना हवा असतो, मलाही आवडतो. पण तो आधी घातला तर प्रत्येक जोडावर त्याची शेपटी तुटते. तो सगळ्यात शेवटी.

आता प्रश्न राहिला आजींचा. त्यांच्या माइकवर शेजारच्या दोघींचाही आवाज होता, पण सगळ्यात जवळ त्या. आवाज कापरा, वरच्या षड्जाला थोडा खाली राहणारा. ताई ऐकायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “आजींचा जरा मागे ठेवलात तरी चालेल हं, दादा. त्या काही म्हणणार नाहीत.” त्यांच्या बोलण्यात आजींची काळजीच होती. मी तो माइक एकटा ऐकवला. चरणाच्या शेवटी गंधारावरून रिषभावर उतरताना आजी एक छोटा हेलकावा घेतात. इतर सातजणी तिथे सरळ उतरतात. ताईंच्या स्वतःच्या गाण्यातही तो हेलकावा आता उरला नव्हता. मूळ चाल ज्या एका वळणावर ओळखू यावी, ते वळण फक्त त्या माइकवर होतं.

“ताई, हा मागे ठेवला तर चालच मागे राहील,” मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग स्वतःच पेटीशिवाय ती ओळ म्हणून पाहिली, हेलकाव्यासकट. म्हणाल्या, “वर घ्या.”

मी आजींचा माइक दोन डेसिबलने वर घेतला, सगळीकडे नाही, चरणांच्या शेवटांना. बाकी वेळी त्या इतरांच्या बरोबरीला. मग पाचही ट्रॅक एका बसमध्ये घेऊन, वर सहा डेसिबलची जागा ठेवून, 24 बिटमध्ये एकच मोनो ट्रॅक उतरवला. पेटी-पखवाज वेगळे ठेवले आणि गळ्याच्या ट्रॅकशी गटात बांधले. सुटे पाच ट्रॅक तारखेसह वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून मूळ प्रोजेक्ट बंद केला.

यानंतरचं संकलन किती सुखाचं झालं! पडद्यावर गळ्यांची एकच लहर, तीत टाळाच्या सगळ्या पायऱ्या आलेल्या, त्यांच्यामधली खरी मोकळी जागा डोळ्यांना दिसणारी. पाच ट्रॅकवर जोडाला जोड लावत बसलो असतो तर लक्ष जोडांवरच राहिलं असतं. इथे ते अर्थाकडे गेलं. कुठल्या टेकमध्ये बायका धृपद उचलायला आतुर आहेत, कुठे दमल्या आहेत, हे ऐकू येऊ लागलं. एका अभंगात सुरेल टेक सोडून मी दुसरा घेतला, कारण त्यात शेवटची लय मंडळाने आपण होऊन चढवली होती आणि पखवाजवाल्या काकांनी ती झेलली होती. श्वास एकही काढला नाही. नऊजणी एकदम श्वास घेतात तो आवाज भजनाचाच भाग आहे.

काम संपत आलं तेव्हा मंडळातल्या एका काकू आजींना घेऊन ऐकायला आल्या आणि दुसऱ्या अभंगात आपला कोपरा ऐकूच येत नाही म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. त्या बसल्या होत्या तो माइक तिथे गरजेपेक्षा खाली राहिला होता. जोड सगळे झालेले होते, तरी काही मोडावं लागलं नाही. मूळ प्रोजेक्ट उघडला, तो फेडर थोडा वर केला, शून्यापासून तेवढ्याच लांबीचा मिश्र ट्रॅक पुन्हा उतरवला आणि जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली. सगळे काप आणि जोड आपापल्या जागी तसेच राहिले. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी हेडफोन काढून आजींना लावला.

मंडळाला पेनड्राइव्ह दिला त्यात तयार अभंग आहेत, जोड न दिलेला मिश्र ट्रॅक आहे आणि पाच सुटे माइकही आहेत. आजींच्या माइकचा फोल्डर वेगळा केला, त्यावर त्यांचं आणि गावाचं नाव घातलं. या वर्षी हरिपाठ करायचा आहे. त्यासाठी आजींना मी ताईंच्या शेजारी, पुढे बसवणार आहे, त्यांच्या स्वतःच्या माइकवर.