द्राक्षाच्या सालीचा रंग

पिंपळगाव बसवंत, ५ जानेवारी

ती. बाबा,
सा. नमस्कार.

काल रात्री सुखरूप पोहोचले. आत्याने आधी तुमच्या गुडघ्याची चौकशी केली, मग माझी.

पहाटे चारला मोटारीच्या आवाजाने जाग आली. शाल गुंडाळून बाहेर गेले तर काका बागेला पाणी सोडत होते. बांधाच्या कडेने शेकोट्या पेटल्या होत्या. पाला ओला असल्यामुळे जाळ थोडा आणि धूरच जास्त. विहिरीचं पाणी या दिवसांत हवेपेक्षा उबदार असतं, ते ओळींतून फिरलं की वेलीभोवतीचा गारठा जरा मोडतो. पेपरात निफाडचा पारा म्हणून जो आकडा छापून येतो, तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. इथे घरोघरी दिवसाची सुरुवात त्या आकड्याने होते.

आपण हापूसला रंग चढावा म्हणून आढी लावतो. इथे निम्मे लोक रंग येऊ नये म्हणून रात्री जागतात. थॉमसन जातीच्या द्राक्षाचा मणी हिरवाच राहायला हवा. पण मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे तो मऊ पडून गोड होऊ लागायच्या सुमारास दिवसा ऊन आणि रात्री कडाका पडला की तो गुलाबी होतो. याला सगळे ‘पिंक बेरी’ म्हणतात. गोडी कमी होत नाही, तरी युरोपला जाणाऱ्या पेटीत तो घड चालत नाही. म्हणून पाणी उतरण्याआधीच बायका एकेका घडाला कागद लावतात. आज मीही आत्याबरोबर लावले. कागद थंडीवर उपाय नाही, उजेडावर आहे: उजेड अडला की सालीत रंग धरणं मंदावतं. उशीर झाला तर मात्र इलाज नाही. एकदा चढलेली लाली उतरत नाही.

दिंडोरी, ८ जानेवारी

ती. बाबा,
सा. नमस्कार.

तुम्ही फोनवर विचारलंत, पानावर खत मारून फळाला रंग कसा येतो? दादा आंब्यावर फवारणी करायचं म्हणतोय म्हटल्यावर मीही इथे नीट विचारून घेतलं.

काकांच्या भावाची इथली बाग काळ्या द्राक्षाची, शरद सीडलेसची. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी किशमिश चोर्नीतून निवडलेलं हे वाण. इथे काळजी नेमकी उलटी. घडाचे वरचे मणी काळे होतात, खालचे तांबूस राहतात, आणि तांबूस मणी दिसला की व्यापारी भाव पाडतो. त्यासाठी पाणी उतरायला लागलं की हे लोक ‘झिरो झिरो पन्नास’ फवारतात. हे सल्फेट ऑफ पोटॅश, लिटरला चार ग्रॅम, ऊन कलल्यावर.

पोटॅश हा काही रंग नव्हे. सालीतला लाल-जांभळा रंग अँथोसायनिनचा, तो साल स्वतः बनवते. त्यासाठी तिला साखर लागते, उजेड लागतो आणि रात्रीचा गारवा लागतो. साखर पानात तयार होते आणि ती घडापर्यंत पोहोचवायच्या कामी पोटॅश लागतं. चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना उचलायला जड जातं, म्हणून पानातून देतात. सफरचंदाच्या मुलखात याच वेळी स्फुरद आणि कॅल्शियमची मिश्र फवारणी करतात, त्याने साल लाल व्हायला मदत झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तिथेही रंगद्रव्य याच घराण्यातलं.

पण वेलीवर घडांचा भार जास्त असेल, पानं कमी किंवा रोगट असतील, तर पोटॅशने नेऊन नेऊन नेणार काय? नत्र जास्त पडलं असेल तर वेल शेंडे काढत बसते आणि रंग रेंगाळतो. आणि पोटॅशचा मारा वाढला तर पानाला मॅग्नेशियम कमी पडतं, शिरांमधला भाग पिवळा पडतो, म्हणजे साखर बनवणारं पानच आजारी. हे मला काकांच्या भावांनी पान हातात देऊन दाखवलं. गेल्या वर्षी त्यांनी शेजाऱ्याचं बघून दोन फवारण्या जादा घेतल्या होत्या. यंदा त्यांनी फवारणी वाढवली नाही. घड विरळले, घडाभोवतीची दोन-तीन पानं काढली, ऊन आत येऊ दिलं. आज त्यांच्या घडाचं खालचं टोकही काळं आहे.

दिंडोरी, १० जानेवारी

ती. बाबा,
सा. नमस्कार.

आज काढणी पाहिली. बायका घड देठाला धरूनच कापतात. मण्यावर पांढरट मेणाची लव असते, इथे तिला ‘लस्टर’ म्हणतात. बोट लागलं की ती पुसते. उशिरा फवारलं तर थेंबांचे डाग तिच्यावर तसेच राहतात, म्हणून एका टप्प्यानंतर पंप बंद.

इथेफॉन नावाच्या औषधाने रंग लवकर येतो, पण मणी मऊ पडतात आणि गळतात. शिवाय औषधाच्या अंशाची धास्ती इथे प्रत्येकाला आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. ते औषध रंगाचं नव्हतं, वाढ रोखायचं होतं. पण तो हंगाम कुणी विसरलेलं नाही.

आता दादासाठी. हापूसचा पिवळा-केशरी रंग अँथोसायनिनचा नाही, कॅरोटिनचा आहे, आणि तो बहुतेक काढणीनंतर आढीत येतो. उन्हाकडच्या गालावर कधी लाली दिसते, तेवढीच या द्राक्षाच्या नात्यातली. तेव्हा द्राक्षाचं पाहून आंब्याच्या रंगासाठी पोटॅशची पोती आणू नका. आधी माती आणि पान तपासून घ्या, दाट फांद्या विरळा, ऊन आत जाऊ द्या. मी रविवारी निघते. तोवर त्याला थांबवा.

तुमची,
ताई