मधली वर्षं

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली विजया मेहतांनी रंगभूमीवर आणलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. घरातले कर्ते तात्याजी गेलेले, तेराव्याच्या खर्चावरून भावाभावांत धुसफूस, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, शिकायचं राहून गेलेली त्यांची मुलगी प्रभा आणि एका रात्री घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवलेली वहिनी. आमचं घरही विदर्भातलंच, त्यामुळे ही माणसं मला ओळखीची होती.

प्रभाचं पुढे काय झालं, हे ते नाटक सांगत नाही. तरी मला काही राहून गेल्यासारखं वाटलं नाही. तिचं आयुष्य त्या भिंतींत जिरणार, हे तिच्या बोलण्यातून पुरतं कळलं होतं. त्याहून अधिक कळायची मला गरज नव्हती.

मग माझे आजोबा गेले. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, मी नोकरीसाठी पुण्याला आलो. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही एकाच कुटुंबाची तिन्ही नाटकं सलग सादर केली. दुसऱ्या नाटकाचा पडदा वर गेला तेव्हा नाटकातल्या देशपांड्यांच्या घरात दहा वर्षं उलटली होती, आणि माझ्याही घरात जवळजवळ तेवढीच. थोरल्या भास्करच्या मुलाला, परागला, मी पोरवयात सोडून आलो होतो. आता तो कर्ता झालेला दिसला तेव्हा मला माझ्या चुलतभावाचा चेहरा आठवला. शेजारी बसलेला मित्र पहिलं नाटक त्याच दिवशी पाहत होता. त्याच्यासाठी ती दहा वर्षं मध्यंतरातल्या चहाबरोबर सरली. कथेचे धागे त्याला माझ्यापेक्षा चांगले जुळवता आले, हे खरं. पण माणसं थकतात, घरं बदलतात, जुना राग निवतो, यासाठी जो काळ जावा लागतो तो मी त्या पात्रांइतकाच जगलो होतो. तो कुठल्याही संहितेत लिहिता येत नाही.

म्हणून सरसकट ‘गोष्टीचे तुकडे केले की अपुरं’ हे मला पटत नाही. काही तुकडे मात्र खरंच अपुरे असतात. टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालं, ते कागद महाग होता आणि एवढं जाड पुस्तक छापणं परवडणारं नव्हतं म्हणून. लेखकाच्या लेखी ते एकच पुस्तक होतं. त्याचा दुसरा खंड नायक शत्रूच्या हाती सापडल्यावर थांबतो. तो एकटा वाचून भागत नाही. ‘बाहुबली’च्या २०१५च्या पहिल्या भागानं ‘कटप्पानं बाहुबलीला का मारलं?’ हा प्रश्न दोन वर्षं लोकांच्या तोंडी ठेवला. गंमत भरपूर होती, पण उत्तर मिळालं आणि प्रश्न विझला. प्रभाचा प्रश्न माझ्यापुरता अजून विझलेला नाही. पुढचा भाग आला नसता तरी जो भाग आपल्या पायावर उभा राहिला असता, तोच पुरा, असं मी मानतो.

वीस वर्षांनी कुलकर्णींनी ‘वाडा’ पुन्हा उभा केला तेव्हा लेकीला घेऊन गेलो. आता मी भास्करच्या वयाचा, आणि पुढचं सगळं ठाऊक असलेला. परागच्या साध्या बोलण्यातही मला त्याचा पुढचा काळ ऐकू येत होता; लेकीला तो फक्त एक उनाड पोरगा दिसत होता. बाहेर पडल्यावर तिनं विचारलं, “बाबा, याचा पुढचा भाग आहे ना?”

“आहे. पण लगेच बघू नकोस.”

तिनं ऐकलं नाही. ‘मग्न तळ्याकाठी’ लागल्याबरोबर मैत्रिणींसोबत जाऊन पाहिलं आणि घरी येऊन परागवरून माझ्याशी तावातावानं भांडली.