काठ जुळला पाहिजे

मैत्रिणींनो, कॉम्प्युटरवर चालणारं गोधडीचं यंत्र म्हटलं की तुम्हांला वाटेल, बटण दाबलं की झालं! मला भेटलेल्या प्रत्येकीनं हेच म्हटलं. "मग त्यात तुमचं काय हो?" अशी कोपरखळीही काहींनी मारून घेतली. म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

गेल्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने अमेरिकेत होते. आई गेल्यावर तिची पाच सुती लुगडी माझ्याकडे आली, ती सोबत नेली. म्हटलं, नातीला मोठेपणीही पुरेल अशी गोधडी करावी. पण हाताच्या धावदोऱ्याला तेवढा वेळ कुठला? शिवाय माझी बोटं आता संध्याकाळपर्यंत आखडतात. लेकीच्या गावात कापडाचं एक दुकान आहे, तिथं 'लाँगआर्म' यंत्र तासाच्या भाड्यानं मिळतं. आधी त्यांचा एक वर्ग करावा लागतो, त्याशिवाय हात लावू देत नाहीत. (बरंच करतात!)

हे यंत्र म्हणजे पलंगाहून लांब चौकट. वरचं कापड, मधला कापसाचा थर आणि खालचं अस्तर रुळांवर ताणून ठेवायचं. गोधडी जागेवर राहते, सुईचं डोकंच फिरतं. नक्षी पडद्यावर निवडायची. पण डोक्याची पोच बेताची. एका वेळी सतरा-अठरा इंचांचा पट्टा शिवून होतो, मग गोधडी पुढे गुंडाळायची. काठाची खरी गोम इथंच आहे. आई गोधडी शिवायची ती काठाकडून गोल गोल आत. कोपरा आला की सुई आपसूक वळायची. यंत्र वरून खाली जातं. वरचा काठ सलग होतो, बाजूचे मात्र तुकड्यातुकड्यांनी. आणि वेल तर कुठे तुटलेली दिसता कामा नये.

त्यात कापड जुनं. पाठीला इस्त्रीनं चिकटणारं पातळ अस्तर लावलं होतं खरं, पण विरलेल्या लुगड्यावरची टीप उसवायची म्हणजे भोकं पडणारच. तेव्हा हिशेब आधी कागदावर केला.

गोधडी ७२ इंच रुंद, ९० लांब. काठ ८ इंचांचा. दोन्हीकडचे कोपरे वजा केले की रुंदीला ५६ उरतात आणि लांबीला ७४. माझी नक्षी कोयऱ्यांच्या जोडीची, एक जोडी ८ इंच. रुंदीला बरोब्बर ७ जोड्या बसल्या. लांबीला सव्वानऊ! सव्वा जोडी कशी काढणार? तिथं ९ घेतल्या आणि प्रत्येक जोडी पाव इंचाहून किंचित कमी ताणली. डोळ्याला ते कळतही नाही. एक मात्र लक्षात ठेवा बरं का, काठाची पट्टी कापताना गोधडी कडेनं मोजू नका. कड ताणली जाते. मधून मोजा.

दुसरी गोष्ट दिशेची. वेल सगळ्या काठांवरून एकाच बाजूनं फिरायला हवी. त्यासाठी पडद्यावर नक्षी फिरवायची, आरशासारखी उलटवायची नाही. नाहीतर खालच्या काठावर कोयऱ्या वरच्यांच्या विरुद्ध चालू लागतात.

बाजूच्या काठांवर एका वेळी दोन जोड्या शिवायच्या, गुंडाळायचं, शेवटच्या टाक्यावर सुई आणून यंत्राला नवी जागा दाखवायची. सहा जोड्या झाल्यावर मी टेप लावला. कागदाप्रमाणे पावणेपंचवीस इंचांना थोडं कमी उरायला हवं होतं. उरले होते जेमतेम २४. टिपांनी कापड आत ओढलं जातं, ते यंत्राला कुठून कळणार? त्याच्या लेखी कापड म्हणजे पडद्यावरची सरळ रेघ. उरलेल्या तिन्ही जोड्या मी ८-८ इंचांच्या केल्या. सगळी तूट एकाच जोडीत घातली असती, तर बघणाऱ्याची नजर आधी तिथंच गेली असती.

चारही कोपरे वळले. दुकानातल्या बाईंनी चष्मा वर करून जोड शोधला, सापडला नाही.

मगजी मात्र हातानंच घातली, आईच्या हिरव्या लुगड्याची. रोज हातभर, बाळ झोपलं की. परतीच्या विमानाला चार दिवस असताना ती पुरी झाली.